टाकातले आजोबा

डिलाईल रोड, मुंबई
ता. २० जानेवारी १९५७

ति. बुधाजीकाकांना,
बकुळाचा सविनय जयभीम. वि. वि.

काका, आजोबांचा टाक हा देव आहे की माणूस? काल चाळीच्या बैठकीत कोंडीरामदादांनी मला हे सगळ्यांदेखत विचारलं आणि तुमच्या घरातली ही पहिली बी. ए. म्हणाली, काकांना विचारून सांगते.

झालं असं. डिसेंबरात आम्ही सगळ्यांनी दादरला दीक्षा घेतली, हे तुम्हाला कळवलंच आहे. आता पंचांनी ठरवलंय की तीन फेब्रुवारीच्या रविवारी खोल्याखोल्यांतले देव गोळा करून समुद्रात सोडायचे. कोंडीरामदादा पंचांचे चिटणीस, त्यामुळे धावपळ त्यांचीच. मला हे मनापासून पटलंय. खंडोबा, भवानी जातील याचं दुःख नाही. पण त्यांच्या शेजारी तो बोटभर चांदीचा पत्रा आहे, तुमच्या वडिलांच्या नावाचा. गेलेल्या माणसाचा टाक करून देवांत बसवायची आपली रीत. आजोबांचा फोटो नाही की दुसरं काही नाही. तो गेला तर भिवा नावाचा माणूस होऊन गेला याची खूण काय राहील? आई म्हणते, तुझ्या काकांना विचारल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. म्हणून हे पत्र.

दुसरी एक गंमत. माझ्या हापिसातली पद्मजा गिरगावात राहते. तिच्या भावाचा बॉक्स कॅमेरा घेऊन आम्ही दोघी रविवारी भटकतो आणि ज्या वस्तू आता जाणार त्यांचे फोटो काढतो. तिच्या गल्लीतली गॅसबत्ती काढली, उखडायला घेतलेले ट्रामचे रूळ काढले. मग मनात आलं, आपल्याच मजल्यावरून एवढं सगळं जायचंय, त्याचे फोटो का नकोत? पुढच्या मुलांना कळेल आपण काय सोडलं ते. दादांनी लगेच होकार दिला.

आई नमस्कार सांगते. उत्तर लवकर यावं, आणि आमच्यावरची माया खेडहून इथवर पोचत राहावी.

आपली पुतणी,
बकुळा


ता. खेड, जि. रत्नागिरी
२७ जानेवारी ५७

चि. बकुळा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या जयभीमला जयभीम. आशीर्वाद मात्र जुनाच पाठवतो, नवा अजून शिवून आलेला नाही. तुझा बाप असता तर म्हणाला असता, पोरीला बी. ए. केली ती म्हाताऱ्याला कोडी घालायला काय? येथे सर्व ठीक. काजूला मोहोर बरा आहे. गुडघा बरा नाही.

देव खुशाल न्या. साऱ्या जन्मात त्यांनी आपल्याला देवळाच्या पायरीवर घेतलं नाही, आता आपण त्यांना घरात का घ्यावं? आमच्या वाडीतही बुद्धजयंतीला दीक्षेचं घाटतंय. पण टाक ठेवा. बाप माझा आहे, पंचांचा नाही. कोंडीरामाला सांग, गिरणीत साच्यावर धागा जोडायला मी तुला शिकवला, तेव्हा माझ्या बापाचा निकाल तू लावू नकोस. शिमगा झाला की मी येतो, तोवर टाक तुझ्या आईच्या ट्रंकेत राहू दे.

फोटो जरूर काढ. पण बत्ती न् रूळ बोलत नाहीत. चाळीतल्या बाया बोलतात, हे ध्यानात असू दे.

आईला जपावे. म्हाताऱ्याचा जीव तुमच्यात आहे, एवढे जाणावे.

तुझा काका,
बुधाजी


डिलाईल रोड, मुंबई
ता. १७ फेब्रुवारी १९५७

ति. काकांना बकुळाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही म्हणालात तसंच झालं. बाया बोलल्या, आणि मी तोंडघशी पडले.

खोल्यांत उजेड नाही म्हणून मी सगळ्यांना सांगितलं होतं, देव पाटावर मांडून गॅलरीत उन्हात आणा. तर शनिवारी सकाळी नळावर ही झुंबड. फोटो निघायचाय तर काळेकुट्ट कसे दाखवायचे, म्हणून जी ती चिंच घेऊन देव घासत बसलेली. आईसुद्धा. दादा कपाळाला हात लावून म्हणाले, उद्या बुडवायचे देव आज लग्नाला निघाल्यासारखे काय सजवता? शेजारच्या राधाबाईंनी त्यांना ऐकवलं की पाहुणा कायमचा निघाला तरी त्याला धुतल्या कपड्यानंच वाटेला लावतात.

रविवारी सगळे चालत दादरला गेलो. कुणी रडलं नाही. परतताना बाया हसतखिदळत होत्या. टाक तेवढा मागे ठेवला, तुमचा निरोप दादांना जसाच्या तसा सांगून. ते म्हणाले, म्हातारा अजून मुकादमच आहे.

चूक माझी पुढेच झाली. फोटो सुरेख आले. मला वाटलं, ज्याची त्याला एकेक प्रत द्यावी, आठवण म्हणून. दिली. आठ दिवसांनी राधाबाईंकडे विरजण मागायला गेले, तर रिकाम्या फळीवर माझा फोटो उभा. त्याला कुंकू लावलेलं, पुढे उदबत्ती. मी विचारलं, हे काय मावशी? त्या शांतपणे म्हणाल्या, अगं, देव सोडायचे असं ठरलं होतं, फोटोचं कुठे काय ठरलं होतं? मग मी घरोघर पाहिलं. निम्म्या खोल्यांत तेच. काका, मी शिकलेली बाई, आणि समोरच्या दारानं घालवलेले देव मीच मागच्या दारानं आणून बसवले.

दादा फार चिडलेत. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या प्रचारसभांत त्यांचा घसा बसलाय, म्हणून मला हळू आवाजात बोलणी बसली एवढंच. दहा मार्चच्या बैठकीत सगळे फोटो आणि माझ्या निगेटिव्ह जाळायच्या असं ते म्हणतात. त्यांत आजोबांच्या टाकाचीही आहे. मी ती लपवली तर कुणाला कळणार नाही, पण मला लपवायचं नाही. आणि जाळावंसंही वाटत नाही. त्यातून आपल्या ट्रंकेला आईनं काल कुणाच्या नकळत हात जोडलेले मी पाहिले. टाक आत आहे ना.

काय करू, ते लिहा. तुमच्या शब्दाचा मला आधार आहे.

आपली,
बकुळा


ता. खेड
२४ फेब्रुवारी ५७

चि. बकुळा हिस आशीर्वाद, आणि राधाबाईस माझा खास नमस्कार. असा मुद्दा कोर्टात वकिलालाही सुचायचा नाही.

आता एक गोष्ट ऐक, तुझ्या बापालाही मी कधी सांगितली नव्हती. तो टाक मी बाजारपेठेतल्या सोनाराकडून करून आणला, आईच्या पायातली जोडवी देऊन. त्यानं मला ओट्याखाली उभं केलं. बाप कसा दिसत होता ते मी सांगू लागलो, नाक कसं, मिशी कशी. तो म्हणाला, मला ठसा आहे तो मारून देतो. दिला. टाकात बघ, भाला घेतलेला घोडेस्वार आहे. तोच ठसा खोतालाही आणि आपल्यालाही.

माझा बाप घोड्यावर कधी बसला नाही. त्याच्या लग्नात कुणीतरी हौसेनं तट्टू आणलं होतं, तर गावानं वरात अडवली. तट्टू परत गेलं आणि नवरा चालत मांडवात आला. हे आईकडून ऐकलंय. त्याच बापाला मेल्यावर मी घोड्यावर बसवला आणि चाळीस वर्षं हात जोडले. बसलेला बघून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

तरी टाक मला हवा आहे. शिमग्यानंतर येतोच. निगेटिव्हचं तू ठरव, मला त्यातलं कळत नाही.

गुडघा तसाच. लोभ गुडघ्यापेक्षा बळकट आहे, काळजी नसावी.

बुधाजी


डिलाईल रोड, मुंबई
ता. १२ मार्च १९५७

ति. काकांना बकुळाचा सविनय जयभीम. वि. वि.

परवाची बैठक झाली. मधल्या चौकात दादांनी घमेल्यात कोळसे पेटवून ठेवले होते. सगळ्यांनी आपापले फोटो आणले, काहींनी कुंकू पुसून. मी उठून म्हणाले, जाळण्याआधी मला एक फोटो दाखवू द्या. आजोबांच्या टाकाचा फोटो मी हातोहात फिरवला आणि तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं. तुमची परवानगी घेतली नव्हती. सोनाराचा ओटा, ठसा, तट्टू, सगळं वाचलं.

फोटो राधाबाईंच्या हातात होता. सवयीनं तो कपाळाशी नेता नेता त्या थांबल्या. मग डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि विचारलं, घोडा परत कुणी पाठवला गं, नावं माहीत आहेत का? मागून एक म्हातारे बोलले, आमच्या गावातही हेच. मग तिसऱ्या खोलीतल्या बाईनं तेच सांगितलं, मग चौथीतल्या. टाक प्रत्येक घरात होता आणि प्रत्येक टाकात घोडा. इतकी वर्षं एका मजल्यावर राहून हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. कोळसे विझले तरी लोक बोलतच होते. शेवटी दादाच म्हणाले, निगेटिव्ह राहू देत, पण फळीवर फोटो दिसला तर गाठ माझ्याशी आहे. राधाबाई म्हणाल्या, फळीवर मी आता डबे मांडणार.

आता मुख्य गोष्ट, जी सांगायला हात अडतोय. तुम्ही टाक ठेवायला सांगितलं होतं. मी रात्री आईला विचारलं. ती म्हणाली, तू हात जोडताना मला पाहिलंस ना? ट्रंकेत आहे तोवर मी जोडणार. माझ्यानं राहवत नाही.

तुमची वाट पाहायला हवी होती, हे मला कळतं. पण काका, तुमच्या तोंडाकडे पाहून माझ्यानं ते झालं नसतं, आणि तुमच्यानंही नाही. टाक तुमच्याबरोबर खेडला गेला असता आणि आजोबा पुन्हा त्या खोट्या घोड्यावर बसून राहिले असते. मला ते लग्नाला चालत गेलेले हवे आहेत.

तुम्ही रागावलात तरी शिमग्यानंतर या. बोलणी समोर बसून ऐकेन. माया कमी करायची झाली तर माझ्यापुरती करा, आईवर नको. आज सकाळी हापिसला जाण्याआधी आम्ही दोघी दादरला गेलो होतो. ओहोटी होती, म्हणून गुडघाभर पाण्यात चालत गेलो आणि टाक मी माझ्या हातानं सोडला.

आपली,
बकुळा