छप्पर न सोसणारी देवी

बाबा, गेल्या वर्षी तुझा अंगठा पाहिला. ऑफिसात जुन्या पंचनाम्यांचा गठ्ठा सोडला आणि आपल्या गावाच्या कागदाखाली तो निळा डाग दिसला. मी आता नकाशे गिरवते, हे तुला कुठून माहीत असणार. तू जाऊन बारा वर्षं झाली. नव्या शहराचे रस्ते, सेक्टर, भूखंड माझ्याच हातून शाईत उतरतात. अंगठ्याच्या वर लिहिलं होतं, 'सदर जागा कोणाचीही नाही, असे ग्रामस्थ सांगतात.' तो धक्का अजून ओसरलेला नाही.

कारण तो दिवस मला लख्ख आठवतो. मी सातवीत आहे. खाडीकडच्या देवीच्या माळावर आई सुकट वाळत घालतेय, पलीकडे शेजाऱ्यांची मळणी चाललीय. मोजणीवाले साखळी घेऊन येतात आणि विचारतात, ही जागा कुणाची? मी पटकन सांगते, आमची. तू सगळ्यांदेखत माझ्या पाठीत धपाटा घालतोस. "देवीचे जाग्याला आमची बोलतेस? ती कोनाची नाय, साहेब. देवीची हाय." साहेबांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं, दुसरं सोडून दिलं. आणि शाळेत जाते म्हणून तो कागद तुला वाचून दाखवला मीच. तू खूश होऊन अंगठा उठवलास. देवीच्या जागेवर आपल्यातल्या कुणी हक्क सांगितला नाही, याचंच तुला समाधान होतं.

आपल्या चांगुलपणानेच आपला घात केला, बाबा. माळ सगळ्यांचा, म्हणून कुणी नाव लावलं नाही. देवीला छप्पर सोसत नाही, म्हणून झाडाखाली नुसता शेंदूर फासलेला दगड. कागदावर तो माळ रिकामा. तिथे आता ट्रक उभे करायचा तळ होणार होता आणि त्याचा नकाशा माझ्याच टेबलावर आला होता. मी आमच्या ऑफिसातल्या साहेबांकडे गेले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "बाई, उभं बांधकाम असेल तर तेवढं वगळता येतं. नुसता दगड मी वर काय म्हणून दाखवू?" सोमवारी जागेची पाहणी होती.

रविवारी गाव गाठलं. भावाला म्हटलं, चार खांब रोव आणि वर पत्रे टाक. एका वर्षी कुणीतरी देवीवर झावळ्या घातल्या आणि बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं, ते आत्याने पुन्हा सांगितलं. ऑफिसच्या नियमांचं मी बरंच बोलले, पण कुणी जागचं हलेना. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा सपनात आलता. बोलला, देवी आता छप्पर मागते." आत्या ढसाढसा रडली आणि पहिला खांब तिनेच धरला.

पाहणी झाली. वगळली ती छपराखालची जागा, तेवढीच. मी नकाशावर नखाएवढा चौकोन काढला, आत 'देऊळ' लिहिलं आणि त्याच्या चारी बाजूंनी ट्रकांचा तळ गिरवला. आईची सुकट, मळणी, गावाच्या लग्नांचे मांडव, सगळं त्या शाईखाली गेलं. हात माझाच होता. तो मला अजून परका वाटतो.

गावी गेले की आत्या विचारते, बाबा कसा दिसला, खंगलेला होता का, आणखी काय बोलला. मी सांगते, बरा होता, खांद्यावर टॉवेल होता, हसत होता. दर वेळी त्यात थोडी भर पडते. हे लिहिलेलं ऑफिसच्या खणात, ट्रेसिंगच्या कागदांखाली ठेवून देणार आहे; दुसरीकडे कुठे धाडणार? तुला तेवढं खरं सांगते. तू स्वप्नात आला नव्हतास, बाबा. गेल्यापासून एकदाही आला नाहीस.