१९१८ च्या पानावरचा अण्णा

प्रिय काजल,

दिवसातून तीनदा फोन करणारी आत्या पत्र कशी काय लिहायला लागली, असं तुला वाटेल. बाई गं, फोनवर हे बोलायला तोंडच उघडत नाही.

तुझ्या मेडिकलच्या जागेला जातीची व्हॅलिडिटी हवी, म्हणून परवा तहसीलमध्ये आपल्या अल्लीपूरचं जुनं कोतवाल बुक काढायला लावलं. गावातला प्रत्येक जन्म-मृत्यू त्यात लिहिलेला असतो. माझ्या आजोबांचा, अण्णाजींचा जन्म सापडला: फेब्रुवारी १९१७. बापाचं नाव, जात, सगळं बरोबर. इतकी खूश झाले की तिथल्या बाबूला चहा पाजला.

नक्कल मिळेपर्यंत पुढची पानं चाळली. इतिहासाची मास्तरीण ना, खोड जात नाही. १९१८ आलं. बत्तीस वर्षं मी हे साल शिकवलं. महायुद्ध संपलं, राजघराणी पडली, नकाशे बदलले, आजचं जग तिथून घडत गेलं. त्याच सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला पुस्तकात दीड ओळ. परीक्षेला येत नाही म्हणून मीही पुढे जायची. आणि इथे ऑक्टोबरची पानंच्या पानं. मृत्यूचं कारण: ताप. खाली ताप. पुन्हा ताप. परतणाऱ्या शिपायांबरोबर मुंबईला उतरलेला तो ताप रेल्वेनं पार आपल्या गावात येऊन पोचला होता!

मग ती ओळ दिसली. १९ ऑक्टोबर. अण्णा, वय दीड वर्ष. बाप तोच, घर तेच. ताप.

काजल, मी अण्णाजींच्या खांद्यावर बसून पोळा पाहिलाय गं. ते गेले १९९४ साली. मग मला खांद्यावर घेणारा तो कोण होता?

तशीच एसटीनं अल्लीपूर गाठलं. तानाबाई, अण्णाजींची लेक, नव्वदीला टेकलेली, ओसरीत गवार निवडत बसली होती. मी ओरडलेच तिच्यावर. तर ही बया म्हणते कशी, "तुले आता समजलं काय? मले तं बुढीनंच सांगतलं होतं. तिचं पोरगं सकाळी गेलतं. शेजारी मायबाप दोघंई मेलेले, लेकरू एकटं रडून राह्यलं होतं. जात दुसरी, पण त्या दिवशी कोन पाह्यते? बुढीच्या अंगावर दूध होतं. उचललं न् पाजलं. नावही तेच ठेवलं." मग सांगितलं काऊन नाई, म्हटलं. "कोनी इचारलं?" म्हणाली, आणि पुन्हा गवार निवडायला लागली.

बुढी म्हणजे माझी पणजी पंचफुला. सर्वपित्रीला सगळी पानं वाढून झाली, की ती दूध-भाताची एक लहानशी वाटी बाजूला ठेवायची. कोणाची गं, विचारलं की पदर तोंडाला लावायची. पुढे अण्णाजी ठेवायचे, आता तुझे बाबा ठेवतात. कोणासाठी, ते आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता माझं ऐक. काल पडताळणीच्या ऑफिसात जन्माची नक्कल दिली. तिथल्या माणसानं विचारलं, मॅडम, या घराची अजून काही नोंद? मी नाही म्हणाले. परवाच मागून घेतलेली मृत्यूची नक्कल माझ्या पर्समध्ये होती. चौथीत कॉपी केलीस म्हणून तुझ्या पाठीत धपाटा घालणारी ही आत्या, तोंडावर खोटं बोलली. माझीच मला लाज वाटते.

गुरुवारी सुनावणी आहे. मी दोन्ही कागद टेबलावर ठेवणार. एवढ्याशा वयात घरात घेतलेलं लेकरू त्याच घराचं, असं वकील म्हणतो, टिकेल कदाचित. कदाचित तुझी जागा जाईल. जागा तुझी, म्हणून तुझ्या बाबांच्या आधी तुला सांगते आहे. बुधवारपर्यंत ये आणि समोर बसून भांड. मी रडेन, पण तो कागद पुन्हा पर्समध्ये घालणार नाही. आणि रविवारी सर्वपित्री आहे. यंदा वाट्या तू मांड, तीन मांड. एक त्या दीड वर्षाच्या अण्णाची, दोन शेजारच्या मायबापांच्या. त्यांची नावं मी काल परत तहसीलमध्ये जाऊन बुकातून उतरवून घेतली आहेत.

तुझीच, घाबरलेली,
सुलोचना आत्या
पिपरी मेघे