वाकड्या मानेची दुर्बीण

१८ जून

सिग्नेला परवाना लागला! सोळा वर्षे लेक सोडतीत नाव टाकत होती. डोंगरी मेंढ्याच्या शिकारीचा परवाना हा आमच्या मोंटानात बहुतेकांना जन्मात एकदाही लागत नाही. फोनवर ती ओरडली नाही. म्हणाली, "बाबा, बसलायत ना? नसाल तर बसा." मी बसलेलाच होतो; तरी उठून पुन्हा बसलो.

मग म्हणाली, "पाय माझे, नजर तुमची. कबूल?"

चौऱ्याहत्तराव्या वर्षी एवढा मान! कबूल.

२२ जून

नियम पुन्हा वाचला. बायबलची मूळ हिब्रू संहिता वाचावी तसा, शब्दाशब्दावर थांबून. शिंगाच्या मुळापासून डोळ्यावरून सरळ रेघ कल्पावी. शिंगाचे टोक त्या रेघेपलीकडे गेलेले हवे. बोटभर कमी पडले तरी गुन्हा — मेंढा जप्त, परवाना वाया, आणि दुसरा लागेल इतकी वर्षे सिग्नेपाशीही उरलेली नाहीत.

ती घळीतून चढेल तेव्हा मेंढा तिच्या दृष्टीआड असणार. समोरच्या उतारावरून मी पाहायचे आणि खुणेने सांगायचे, कारण शिकारीत वायरलेसवर बोलणे कायद्याने बंद. पांढरा रुमाल उंच — मेंढा नियमात बसतो. टोपी काढून हातात — परत फिर. ती गळ्यातल्या दुर्बिणीतून माझ्याकडे पाहील.

शास्त्रातला तो वृद्ध टेकडीवर हात उंचावून उभा राही, तोवर खाली लढणाऱ्यांची सरशी होई. हा पाठ मी चर्चमध्ये किती वेळा शिकवला! थकलेले ते हात कोणी धरून ठेवले ते सांगितले. त्याला तिथून दिसत काय होते, हे कधी मनातही आले नाही.

माझी जुनी एकनळी दुर्बीण आतून धुकटली आहे. नवी हवी. हजार डॉलरच्या आत.

२७ जून

डोरीन पेकेटच्या दुकानी गेलो. तिने आधी चार हजारांची पुढ्यात ठेवली.

"बघून घ्या, पाळकसाहेब. पण घेऊ नका."

"मग दाखवतेस कशाला?"

"नंतर तळमळ नको म्हणून! पहाटे आणि संध्याकाळी हिच्यात दहा मिनिटं जास्त दिसतं. त्या दहा मिनिटांचे तीन हजार. तुम्हाला परवडतात?"

परवडत नाहीत. मग तिने मधल्या किमतीच्या दोन काढल्या. एक ऐंशी मिलिमीटर भिंगाची, सरळ नळीची, धिप्पाड. दुसरी पासष्टची, डोळा लावायची बाजू वर वळलेली, वाकड्या मानेची. मी तिथेच डोळा लावू लागलो, तर हात धरला. "दुकानात नाही! दिव्याखाली सगळी भिंगं संत दिसतात. दोन्ही घरी न्या. ऊन उतरताना बघा."

विकायला बसलेली बाई 'घेऊ नका' म्हणते! अशा सचोटीवर मी अनेक प्रवचने केली. नमुना आज भेटला.

२९ जून

ओट्यावर तिपाई मांडली. नदीपलीकडचे दफनभूमीचे टेकाड येथून अर्धा मैल. सूर्य कड्याआड गेल्यावर मारितच्या दगडावर नळी रोखली.

काय सांगावे! मोठीतून सगळे वाचले. नाव, दोन्ही तारखा, खालची बारीक ओळसुद्धा. मग धाकटीतून, तिच्यातूनही सगळे. पत्नी जाऊन चार वर्षे झाली; आज ओट्यावर बसून तिला भेटलो. काच घासणाऱ्या त्या अनाम कारागिरांना देव सुखी ठेवो.

मोठीच घ्यावी. प्रकाश अधिक.

३० जून

सिग्ने जेवायला आली. मी अन्नावर आशीर्वाद मागितला. ती काटा खाली ठेवून, डोळे उघडे ठेवून थांबली. नेहमीप्रमाणे. आईला मूठमाती देऊन परतताना म्हणाली होती, "मला प्रार्थना करायला सांगू नका, बाबा. पाठ केलेलं बोलवत नाही आता." त्यानंतर मी सांगितलेले नाही. एवढे एक मौन मला साधले आहे.

जेवणानंतर ओट्यावर तिला सगळे अभिमानाने सांगितले. तिने दोन्हींतून पाहिले. मग माझ्याकडे.

"बाबा, आईचा दगड तुम्हाला पाठ आहे! तो तुम्ही डोळे मिटूनही वाचाल. कधी न पाहिलेला वाचा."

डाव्या टोकाला वसंतात बसवलेला एक दगड आहे. मोठीतून पाहिला — अक्षरांच्या कडांना जांभळी किनार, आडनाव पसरलेले. धाकटीतून: टी, एच, ओ... थॉर्सन! स्वच्छ. खालची बारीक ओळ मात्र कोणत्याच दुर्बिणीतून लागेना.

म्हणजे मारितच्या दगडावरचीही लागली नव्हती. पन्नास वर्षे व्यासपीठावर पोथी उघडून मी नेमके काय वाचत होतो, असा प्रश्न पडला.

"आणि ती धिप्पाड वर कोण नेणार?" सिग्ने म्हणाली.

"मी."

"तुम्ही स्वतःला न्या. तेवढं ओझं पुरे!"

१ जुलै

धाकटी घेतली. मी बसून आणि सिग्ने उभी राहून, तिपाई न हलवता दोघांना पाहता येते. डोरीन म्हणाली, "हिच्यात बघायला मान खाली घालावी लागते, पाळकसाहेब. तुम्हाला सवय आहेच!"

९ ऑगस्ट

रोज सराव. साठपटीला चित्र मळते, पंचेचाळिसावर थांबावे. दुपारी उन्हाची लहर सगळे नाचवते. श्वास सोडून मग पाहावे. आतापर्यंत अकरा अनोळखी दगड वाचले. न येणारे अक्षर 'आले नाही' असेच लिहायचे, हा सिग्नेचा दंडक.

१७ सप्टेंबर

डोंगरात तिसरा दिवस. मेंढा दिसला!

सिग्ने तीन तास घळीतून चढली. मेंढा काळ्या खडकापुढे उभा, शिंगही काळपट. टोक रेघेपलीकडे गेलेले मला दिसले. हात रुमालाकडे गेला — आणि थबकला. जूनपासून हे शिंग मी रोज मनात पाहतो आहे. ते दिसले की पाठ होते?

टोपी काढली.

ती मागे वळली. एकदाही हात हलवून 'का?' विचारले नाही. तळावर आल्यावर बूट काढताना म्हणाली, "कमी होतं?"

"कळलं नाही."

"मग बरोबर केलंत." घेवड्याचा डबा तापवू लागली. "दुसरा कोणी असता ना, तर हो म्हणाला असता. मला बरं वाटावं म्हणून."

अशी लेक देवाने माझ्या पदरी घातली. माझी योग्यता पाहून नक्कीच नव्हे.

१८ सप्टेंबर

धुके. दिवसभर कॉफी आणि पत्ते. तिने सहा डाव जिंकले. लबाडी केली असावी.

१९ सप्टेंबर

तोच मेंढा सकाळी ताज्या बर्फावर आडवा उभा राहिला. टोक रेघेच्या अलीकडे. चांगली दोन बोटे! सिग्नेने मान वाकवून पाहिले, माझी टोपी माझ्या डोळ्यांवर ओढली आणि चहा ओतला.

२१ सप्टेंबर

आज दुसरा. म्हातारा, एकटा, नाकावर जुने वण. मी तीनदा पाहिले. दर वेळी डोळा काढून, आकाशाकडे बघून, पुन्हा नव्याने. डावे टोक पलीकडे. उजवे टोक पलीकडे. मागे नुसते आभाळ. चुकायला जागा नाही.

रुमाल उंच धरला. बराच वेळ धरला. दंड भरून आला, पण खाली घेतला नाही. एकच गोळी. मेंढा जागीच बसला.

मांस खाली आणायला दोन खेपा लागल्या. दोघेही थकलो आहोत. परमेश्वराची स्तुती असो.

२२ सप्टेंबर

काल एक गोष्ट लिहिली नाही.

गोळीनंतर मी दुर्बीण हलवली नव्हती. सिग्ने मेंढ्याजवळ पोचली. तिने टोपी काढली, गुडघे टेकले, त्याच्या मानेवर हात ठेवला. मान खाली. तिचे ओठ हलत होते — बराच वेळ. आमच्या घरचा आशीर्वाद मला तालासकट ठाऊक आहे. हे ते नव्हते. मला पाठ असलेले काहीच ते नव्हते. म्हणजे या वेळी मी खरोखर पाहिले.

मग नळी दुसरीकडे वळवली. तिला सांगणार नाही.