पेठेतून गेलेली मिरवणूक

प्रिय आक्का,

काल आपल्या वस्तीची जयंतीची मिरवणूक गावच्या पेठेतून गेली. निळे झेंडे, हलगी, सगळं अगदी सरळ पुढं. दरवर्षीसारखं वळणावर कुणी अडवलं नाही. तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून बेळगावला परतल्या परतल्या लिहायला बसले.

एवढ्यासाठी जन्मभर भांडलीस आणि ऐन वेळी गेलीस. आणखी एक वर्ष कळ काढता आली नसती का गं?

वस्तीतले ते दोन पुढारी आठवतात? मिरवणुकीचा फलक मराठीत की कन्नडमध्ये, यावर हमरीतुमरीवर यायचे. पेठेचं नाव निघालं की दोघंही गप्प. पण विहारात बोलायचं तर आधी पंचशील म्हणायचं, हा तुझा नियम. दोघांनी मुकाट्यानं म्हटलं. खोटं बोलणार नाही, हेही म्हणून झालं. मग तू विचारलंस, "आता सांगा, पेठेतनं न्हेणार का न्हाय?"

मराठीवाला खाली बघत म्हणाला, "आक्का, मतं जात्यात." कन्नडवाल्यानं मान डोलावली. दोघांचं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं. मला हसू आवरेना.

तू म्हणालीस, "खरं बोललासा, बरं झालं. आता मीच जाती." आणि गेलीस ती थेट पेठेतल्या शिवाप्पा अज्जांकडं. ते लिंगायतांतले वडीलधारे, त्यांचा शब्द पेठ मोडत नाही. "अज्जा, गळ्यातल्या लिंगावर हात ठिवून सांगा, आमच्या पावलानं वाट बाटती व्हय?"

तोच प्रश्न घेऊन तू दर सोमवारी जात राहिलीस. मी चिडायचे, कशाला हात पसरतेस म्हणून. तू म्हणायचीस, "मी मागत न्हाय गं. त्यास्नी त्यांचाच धर्म आठवून देती, त्यात शिवाशिव न्हाय." तेव्हा मला ते पटलं नव्हतं. आता पटतंय, पण सांगू कुणाला?

काल मिरवणुकीपुढं अज्जा स्वतः काठी टेकत चालले. मला म्हणाले, "आक्कानं इचारलंतं, उत्तर द्यायला लई उशीर झाला बग." आणि मग जरा लाजत, "आमची बसवजयंतीची मिरवणूक तुमच्या गल्लीत आणली तर चालंल?"

मी भर पेठेत रडले, आणि हसलेही.

आणू देत, आक्का. मी रजा टाकून येईन, तुझं दार सताड उघडीन. आपल्या घरातल्या तांब्यातून पहिलं पाणी अज्जांना देईन, आणि ते पिऊन होईपर्यंत उंबऱ्यावरून हलणार नाही.

तुझी धाकटी,
सुमन