अभयारण्यात मासेवाला

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. आम्ही तिघंही इकडे धडधाकट आहोत. तुझी कंबर कशी आहे ते कळव. (जगाची दुखणी काढणारी नर्स तू, पण स्वतःचं दुखणं आपणहून सांगशील तर शपथ.) तुझं पत्र मिळालं. इस्पितळवाले नोकरी आणखी वर्षभर वाढवून देताहेत, राहू का, असं विचारतेस. खुशाल राहा. मुलं माझ्याकडे मजेत आहेत. तुझी आठवण वगैरे काढत नाहीत.

पुरावा म्हणून परवाची सहल सांगतो. जंगलातल्या नदीवर माशांचं अभयारण्य आहे, तिथे मासे माणसाच्या हातून दाणे खातात आणि त्यांना कुणी धरत नाही, ही बातमी थोरल्याने शाळेतून आणली. आता आठवडाभर मासे विकणाऱ्याने सुट्टीच्या दिवशीही मासेच बघायला जायचं, म्हणजे न्हाव्याने रविवारी लोकांची डोकी बघत हिंडण्यासारखं आहे. पण तुझ्या लेकीने हट्ट धरला आणि गेलो. बसमध्ये थोरल्याने मला बजावलं की तिथे आपला धंदा कुणाला सांगायचा नाही आणि माशांकडे बघून भाव बोलायचा नाही. मी मुकाट मान डोलावली.

पण ताई, काय ते मासे! हातभर लांब, काळ्याभोर पाठीचे, अंगाने भरलेले. असा एक जरी दुकानात आला तर गिऱ्हाइकं हमरीतुमरीवर येतील, आणि इथे डोह भरून नुसते निवांत फिरत होते. भाव मी तोंडाने बोललो नाही. (मनातल्या मनात बोलायला बंदी नव्हती.) पायरीवर बसून दाणे पुढे केले. त्यातलं एक धूड हाताशी आलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझी बोटं थेट त्याच्या कल्ल्यात गेली. काय होतंय ते कळायच्या आत मासा पाण्याबाहेर होता आणि मी त्याच्या वजनाचा अंदाज घेत होतो. मागे एक बाई किंचाळल्या. मी लगेच सोडला, तो सुखरूप गेलाही. पण रखवालदार आला, माझ्या बोटांकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "दुकान कुठे आहे तुमचं?" थोरला तोवर दूर जाऊन परक्या माणसासारखा झाडं बघत उभा होता. मला नदीपासून चार हात लांब, एका बाकावर बसवण्यात आलं. पुढे आमची परतीची बस चुकली, पण ते किरकोळ आहे. आल्यापासून दोघं मासे खात नाहीत, त्यामुळे मासेवाल्याच्या घरात रोज भाजी शिजते. बाकी सगळं ठीक.

तुझा भाऊ

ता. क. वरचं पत्र थोरल्याच्या देखरेखीखाली लिहिलं आहे. आईला काळजी वाटेल असं काही लिहायचं नाही, अशी ताकीद होती; आठवण काढत नाहीत हे वाक्यही त्याचंच. हे मात्र दुकानात बसून लिहितोय. बस का चुकली ते सांगतो. धाकटी मूठ मिटून बसली होती. पायाशी माशांची झुंबड, तरी दाणे टाकेना. डोहाच्या मध्यावर एक मोठी मासळी एकटीच फिरत होती, काठाला येत नव्हती. तिच्यासाठी राखून ठेवले होते. बसचा भोंगा वाजला तसा थोरला तिला ओढायला लागला. ती म्हणाली, "थांब ना दादा. तिला लांबून यायचंय." त्याने हात सोडला आणि तिच्या शेजारी बसला. मग मीही बाकावरून उठलो नाही.

ता. क. दुसरा. तू आलीस की ही दोघं तुझ्या घरी जातील आणि मला संध्याकाळी दुकान बंद करावंसं वाटणार नाही. ते माझं मी बघून घेईन. वर्ष वाढवू नकोस. ये.

ता. क. शेवटचा. थोरल्याने ता. क.च्या आधीचं पत्र तपासलं, माझ्या दोन चुका सुधारल्या, चांगलं जमलंय म्हणाला. पाकीट आणायला निघालो तर दाराशी आला आणि हळूच विचारलं, "मामा, पण आईला हे खरं वाटलं तर?"