डाव्या बाजूची वेल

माहूज, बहारीन
६ सप्टेंबर १९८६

तीर्थरूप आप्पा,

पाया पडते. उद्या गणपती. इथे मूर्ती मिळायची मारामार, म्हणून शिरीषनं मुंबईहून येणाऱ्या एका मित्राला गळ घातली. तो बिचारा विमानात मूर्ती मांडीवर घेऊन बसला. मूर्ती शाबूत आहे, त्याची पँट मात्र लाल झाली. आम्ही दोघं मजेत. उकाडा अजून आहेच, दुपारी नळाच्या पाण्यानं हात पोळतो.

दत्तूचं पत्र मिळालं. "आप्पा कामात आहेत म्हणून मी लिहितोय," असं तुमच्या या लेकानं याही खेपेला लिहिलंय. बरं.

मीही कामाला लागले आहे. घरात बसवेना, म्हणून उन्हाळ्यापासून सलमाबादला फारुखभाईंच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगला जाते. फारुखभाई रत्नागिरीकडचे. एरवी मराठी बोलतात, रागावले की अरबी. त्यांनी लेझरचं मशीन आणलंय. काळ्या शाईत काढलेलं चित्र एका बाजूला लावायचं. मशीन ते वाचतं आणि प्रकाशाचा किरण दुसऱ्या बाजूला पोलादावर तसंच्या तसं कोरतो. ना छिन्नी, ना हातोडी. नंबरपट्ट्या आणि वॉल्व्हची लेबलं, हेच आमचं रोजचं काम. तुम्ही पाहिलंत तर नाक मुरडाल.

पण मध्यंतरी ताहिरसाहेब म्हणून इथले एक वयस्क गृहस्थ आले. तरुणपणी मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईत राहिलेले, हिंदी छान बोलतात. त्यांच्या वडिलांची शिकारीची दुनळी बंदूक आहे. चापाच्या वर दोन्ही अंगांना ज्या पोलादी पट्ट्या असतात, त्यांतली डावी गंजून गेली, म्हणून नवी बसवली. ती कोरी आहे. बंदूक परवान्यासकट घरीच ठेवून ते दोन्ही पट्ट्या रुमालात गुंडाळून घेऊन आले. उजवीवरची वेल पाहिली आणि मला तुमची खिडकीजवळची कोरीवकामाची बैठक आठवली. एका वळशातून दुसरा निघालेला, बोट टेकवायला जागा नाही, तरी कुठे गुदमरत नाही.

डावीवर तिची जोडीदार हवी. उजवी इतकी झिजलीय की तिचा छाप घेता येत नाही. मी नमुने शोधत हिंडले. गालिच्याच्या दुकानात गेले, इंग्रजी कॅटलॉग मागवले, नोटांच्या कडा पाहिल्या, शेजारच्या सुनीताचा शालूसुद्धा पसरला. सगळ्या वेली देखण्या, पण वरून चिकटवल्यासारख्या. पोलादातून उगवल्यासारखी एकही नाही.

आप्पा, तुम्ही काढून द्याल? पट्टीचा आकार कागदावर उतरवून सोबत पाठवते. घाई नाही.

तुमची,
चारू


माहूज, बहारीन
१७ ऑक्टोबर १९८६

आप्पा,

दत्तूनं पाठवलेली जुन्या नमुन्यांची गुंडाळी पोचली. सरदार-दरकदारांच्या बंदुकांसाठी तुम्ही काढलेल्या त्या वेली मी सगळ्या ओळखते. त्यांच्याकडे बघत बघतच पेन्सिल धरायला शिकले. फारुखभाई खूश झाले. "चारूताई, यातलीच एक उलटी करून लावू. खलास!"

लावता आली असती. मी नाही म्हटलं.

का, ते लिहायला कितीदा कागद घेतला आणि फाडला. सुनीताबरोबर मी तुम्हाला खजूर पाठवले होते ना, ती जूनमध्ये कोल्हापूरहून परत आली ती दारातच रडायला लागली. म्हणाली, "अगं, आप्पांनी पुडा डाव्या हातानं घेतला. उजवा हात मांडीवर नुसता ठेवून दिल्यासारखा होता. मला शपथ घातली, चारूला सांगायचं नाही म्हणून." तिनं शपथ मोडली. तिच्यावर रागावू नका.

म्हणजे मला तेव्हापासून माहीत आहे. तुम्ही सांगाल म्हणून मी थांबले. दत्तू लिहिणार, आप्पा कामात. मी लिहिणार, आम्ही मजेत. सुनीता असंही म्हणाली की तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून असता, आणि हत्यारांची पेटी विकून टाक म्हणून दत्तूच्या मागे लागला आहात.

आप्पा, मला तुमच्या हातचीच वेल हवी आहे. डाव्या हातची. ताहिरसाहेबांची पट्टी खोटी नाही, पण ती नसती तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं. तुम्ही रागवाल. रागवा. मोठ्यानं रागवा, म्हणजे दत्तूलाही बरं वाटेल.

आता माझं. यंदा मला दिवस गेले होते. रजेवर येऊन तुमच्यासमोर बसून सांगायचं, म्हणून बातमी राखून ठेवली होती. मे महिन्यात, पाचव्या महिन्यात, सगळं संपलं. मुलगी होती. मग कळवायला काही उरलंच नाही. आई असती तर तिला लिहिलं असतं. बापाला असलं कसं लिहायचं ते कळेना. शिरीष फार जपतो, पण तो कामावर गेला की मीसुद्धा भिंतीकडेच बघत बसायची. म्हणून सलमाबाद. सकाळी उठून एक रेघ ओढायची आहे एवढं ठाऊक असलं की उठवतं. नंतरचं नंतर.

तुम्हीही एक ओढा. पूर्ण वेल नको. एक वळसा.

तुमचीच,
चारू


माहूज, बहारीन
२८ नोव्हेंबर १९८६

माझे आप्पा,

परवा इथून सौदीला जाणारा पूल उघडला. सगळं बहारीन तिकडे लोटलंय. आज शुक्रवार, सुट्टी. शिरीषही पूल बघायला गेलाय. मी मुद्दाम मागे राहिले.

दत्तूनं सगळं लिहिलंय. माझं पत्र तुम्ही दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलंत. तिसऱ्या दिवशी पाटी मागितलीत. मोडक्या रेघा पुसून पुसून पाटी पांढरी झाली, मग कागद मागितलात आणि जेवायला हाक मारणाऱ्या वहिनींवर ओरडलात. ते ओरडणं वाचून मी इथे एकटीच हसले.

वेल पोचली. खाली तुम्ही डाव्या हातानं लिहिलंय, "रेघ थरथरते. पण डावी बाजू मला उजव्या हातानं नेहमी जड जायची. हा हात आपणहून तिकडे वळतो." आप्पा, इतकी वर्षं तुमच्याजवळ बसून मला हे ठाऊक नव्हतं.

फारुखभाई म्हणाले, "ताई, शाई भरताना जरा सरळ करून घ्या." मी भिंग लावून जशीच्या तशी शाई भरली. जिथे हात अडखळला तिथे मीही थांबले. पट्टी मशीनमधून निघाली तेव्हा गरम होती, पदरात धरून खिडकीशी नेली.

ताहिरसाहेब आले. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून खूप वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "ये वैसी नहीं है, बेटी." मी खरं ते सांगितलं. वडिलांनी काढली, उजवा हात गेलाय, डाव्यानं काढली. नको असेल तर दुसरी करून देते.

त्यांनी डोळे मिटून वेलीवरून अंगठा फिरवला. "मेरे अब्बा का हाथ भी आख़िर में काँपता था. बंदूक चलाते नहीं थे, बस गोद में लेकर बैठते थे. इसे रहने दो." तुमचं नाव विचारलं, दोनदा म्हणून पाहिलं. जमलं नाही, पण मन लावून म्हटलं. तुम्हाला सलाम सांगितलाय.

जानेवारीत आम्ही दोघं रजेवर येतोय, तिकिटं झाली. पेटी विकायची नाही. पोलादावर तुम्ही रेघ आखायची, कोरायचं मी. बोट कापलं तर कापलं.

आणि कागदाच्या अगदी तळाशी तुम्ही जे विचारलंय, ते मला इतक्या महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, मैत्रिणींनी नाही. सगळे म्हणाले, विसर. तुम्ही विचारलंत, "तिचं नाव काय ठेवणार होता?"

इथे मोत्याला लूलू म्हणतात. शिरीष रात्री पोटाशी तोंड नेऊन तिला लूलू म्हणून हाक मारायचा. पाळण्यातलं नाव आम्ही मुक्ता ठरवलं होतं. मुक्ता, आप्पा. आज पहिल्यांदा लिहिलं.

तुमची लेक,
मुक्ताची आई