बाबांच्या नावाच्या पेट्या

रतलामजवळ, २४ जुलै २०१८

प्रिय जतीन,

आपला ड्रायव्हर रेल्वेने घरी निघालाय, त्याच्याकडे ही चिठ्ठी देतोय. आईला एवढंच वाचून दाखव की दादा मजेत आहे, ट्रकवाल्यांचा संप मिटेपर्यंत ढाब्यावर थांबलाय, जेवण वेळेवर मिळतं. तिचा गुडघा कसा आहे?

पुढचं फक्त तुझ्यासाठी.

काल रस्ता अडवणाऱ्यांना मी तोऱ्यात म्हणालो, "खाऊन बघा, घोलवडचा चिकू आहे." त्यांच्यासमोरच पेटी उघडली. वरचा थर बघत राहावा असा, आणि खाली झाडाखालून वेचलेले, फुटलेले, अळ्या वळवळणारे चिकू. माणसं नाक धरून हसली. आणखी पेट्या उघडल्या, तर तेच. गाडी वेळेत दिल्लीला पोचली असती तर मला कळलंही नसतं. पेट्या तू भरल्यास ना? वास तर डोक्यात गेलाच, पण खरी किळस आली ती तुझी.

आता तोडणी थांबव. कच्चा चिकू झाडावर टिकतो. अगदी तयार असेल तेवढाच एसटीने उंबरगावला नेऊन वीक. पडलेला खतात घाल.

पेट्यांवर बाबांचं नाव छापलंय. ढाब्यावरून कोळसा आणून एकेका पेटीवरचं खोडत बसलोय.

आईला जप.

हरिश्चंद्र